उजेड पडेपर्यंत झोपलेलं औषध

पाऊस लांबला की रानात हिरवं म्हणून एकच झुडूप उरतं, घाणेरी. काही भागांत तिला टणटणी म्हणतात. एरवी गुरं तिच्या वाटेला जात नाहीत, पण पोट रिकामं असलं की जातात. मग दोन-चार दिवसांत गाय चारा सोडते, डोळे पिवळे दिसायला लागतात आणि उन्हात उभी केली की तिचा जीव नुसता कासावीस होतो. नाकपुड्या लाल होऊन सोलवटतात, कानांची कातडी तडकते, कासेला हात लावू देत नाही. गाय काळी-पांढरी संकरित असेल तर पांढरी कातडी सोलून निघते आणि तिला लागूनच असलेली काळी कातडी शाबूत राहते. गुरांचे डॉक्टर आले की औषधाच्याही आधी सांगतात, "हिला पहिलं सावलीत बांधा."

ऊन सगळ्याच गुरांना लागतं, मग हिलाच का भाजतं? गाय दिवसभर जो हिरवा पाला खाते त्यातल्या हरितद्रव्याचे पोटात तुकडे होतात. त्यातला एक तुकडा म्हणजे फायलोएरिथ्रिन. यकृत तो रोजच्या रोज पित्तातून बाहेर टाकतं. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडलं की हा तुकडा रक्तात साठत जातो आणि रक्ताबरोबर कातडीपर्यंत पोचतो. अंधारात तो तिथे नुसता पडून असतो, कोणाला काही करत नाही. ऊन पडलं की मात्र तो जागा होतो आणि आजूबाजूच्या पेशी मारायला लागतो.

गाईच्या दृष्टीने ही आपत्तीच. पण कर्करोगावर औषध शोधणाऱ्या माणसाने हेच ऐकलं तर त्याच्या मनात वेगळा विचार येईल. अंधारात निरुपद्रवी आणि उजेडात मारक असा पदार्थ हाती असेल, तर मग उजेड कुठे पाडायचा आणि किती वेळ पाडायचा हे आपण ठरवू शकतो.

हा विचार सव्वाशे वर्षांचा आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पाण्यातल्या पॅरामेशियम या सूक्ष्म जीवांवर अ‍ॅक्रिडिन नावाच्या रंगाचा काय परिणाम होतो ते पाहत होता. रंगाचं प्रमाण तेच ठेवलं तरी ते जीव कधी लवकर मरत, कधी बराच वेळ जगत. फरक होता त्या दिवशीच्या उजेडाचा. हे निष्कर्ष १९०० साली छापून आले. पुढे १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरांनी रक्तापासून काढलेलं हेमॅटोपॉरफिरिन २०० मिलिग्रॅम स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं आणि ते उन्हात गेले. त्यांचा चेहरा आणि हात इतके सुजले की आधीच्या आणि नंतरच्या फोटोतला माणूस एकच आहे हे पटत नाही. पुढे कित्येक आठवडे त्यांना ऊन सोसवत नव्हतं. घाणेरी खाल्लेल्या गाईचं दुखणं एका माणसाने जाणूनबुजून ओढवून घेतलं होतं.

या सगळ्याची एवढी गरज का, हे मला पुस्तकातून कळलं नाही, घरात कळलं. माझ्या आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला तेव्हा रेडिएशनबरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनची किमो होती. सिस्प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनमचं संयुग. ते चढवण्याआधी आणि नंतर मूत्रपिंडं जपायला सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या. घरी आल्यावर ताप येतोय का ते बघायला आम्ही काखेत डिजिटल थर्मामीटर लावायचो. एकदा तो वाजून बंद झाला तरी आत्या हात घट्ट धरून बसून होती. मी म्हटलं, "आत्या, वाजलं की." ती म्हणाली, "कधी गं? मला नाही आलं ऐकू." सिस्प्लॅटिनने कानांच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. टीव्ही, बोलणं, दाराची कडी, सगळं तिला नीट ऐकू येत होतं. तो बारीक बीप तेवढा गेला होता.

सिस्प्लॅटिनचा दोष एवढाच की त्याला आपलं-परकं कळत नाही. त्याची घडण साधी आहे. मध्ये प्लॅटिनमचा अणू, त्याला चार हात, दोन हातांत अमोनिया आणि दोन हातांत क्लोरीन. रक्तात मिठाचं म्हणजे क्लोराइडचं प्रमाण भरपूर असतं, म्हणून तिथे हे क्लोरीन बरेचसे जागच्या जागी राहतात. पेशीच्या आत ते प्रमाण खूप कमी असतं. तिथे क्लोरीन सुटतात, प्लॅटिनमचे दोन हात मोकळे होतात आणि ते डीएनएला घट्ट धरतात. पेशीला त्या डीएनएची नक्कल करता येत नाही आणि ती मरते. आता पेशीच्या आत क्लोराइड कमी, हे गाठीत खरं आहे तसंच मूत्रपिंडात खरं आहे आणि कानातही. या औषधाने असंख्य माणसं वाचली आहेत. वृषणाच्या कर्करोगात तर त्याने चित्रच पालटलं. त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण हे हात फक्त गाठीतच मोकळे झाले असते तर, हा प्रश्न त्या बीपपासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

आता उजेड नेमकं काय करतो ते पाहू. इथेच धातूचं काम सुरू होतं.

रेणूवर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वर उडी मारतो. समजा, तो घराच्या माळ्यावर चढला. शिडी लावलेलीच असते, त्यामुळे सेकंदाच्या काही अब्जांश भागात तो परत खाली उतरतो आणि घेतलेली ऊर्जा उष्णतेच्या किंवा प्रकाशाच्या रूपात परत देऊन टाकतो. एवढ्या वेळात कोणाला काही करायला सवड मिळत नाही. पण इलेक्ट्रॉनला एक गिरकी असते, आणि माळ्यावर असताना ती गिरकी उलटली तर खाली उतरायची शिडीच काढून घेतल्यासारखं होतं. खालची जागा त्याच गिरकीच्या जोडीदाराने अडवलेली असते. मग तो वर अडकून पडतो. काळ तसा क्षुल्लकच, सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांइतका किंवा त्याहून थोडा जास्त. पण रेणूंच्या दुनियेत ही मोठी मुदत आहे. तेवढ्यात शेजारून जाणारा ऑक्सिजनचा रेणू ती अडकलेली ऊर्जा उचलतो.

ऊर्जा मिळालेला हा ऑक्सिजन आपण श्वासात घेतो त्यापेक्षा कितीतरी आक्रमक असतो. शास्त्रज्ञ त्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. पेशीचं आवरण, प्रथिनं, जे हाताशी येईल त्यावर तो तुटून पडतो. त्याचं आयुष्य इतकं कमी असतं की पेशीच्या रुंदीचा जेमतेम पन्नासावा-शंभरावा भाग चालेपर्यंत तो संपतो. म्हणून नुकसान होतं ते जिथे औषध आहे, उजेड आहे आणि ऑक्सिजन आहे तिथेच. शिवाय औषधाचा रेणू स्वतः खर्ची पडत नाही. पुन्हा प्रकाश घेतो, पुन्हा ऑक्सिजनला ऊर्जा देतो. या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात.

गिरकी उलटायला मदत करतो तो जड अणू. केंद्रक जितकं जड, तितके त्याच्याजवळचे इलेक्ट्रॉन वेगाने फिरतात, आणि त्या फिरण्यातून जे चुंबकत्व तयार होतं ते गिरकीत ढवळाढवळ करतं. रुथेनियम, पॅलॅडियम, प्लॅटिनम, इरिडियम हे सगळे जड धातू या कामात पटाईत. पण धातू घातला की झालं, असंही नाही. भिंतीच्या आणि छपाईच्या निळ्या रंगात कॉपर थॅलोसायनिन असतं, म्हणजे अणूंचं एक कडं आणि त्याच्या मधोमध तांबं. त्याच कड्यात तांब्याऐवजी जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम बसवलं तर उपचाराला उपयोगी पदार्थ मिळतो. अ‍ॅल्युमिनियमवालं औषध रशियात फोटोसेन्स या नावाने वापरलं जातं. तांबं मात्र माळ्यावरच्या इलेक्ट्रॉनला लगेच खाली खेचतं, त्यामुळे ते इथे कुचकामी. आपल्या रक्तातही असंच एक कडं असतं, मध्ये लोह बसवलेलं. लोह बसल्यामुळेच ते उन्हात गप्प राहतं. लोह बसण्याआधीचं रिकामं कडं जन्मजात दोषामुळे ज्यांच्या अंगात साठतं, त्या माणसांना ऊन सोसत नाही.

आता एक गोष्ट करून बघा. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चचा प्रकाश पांढरा आहे, त्यात निळा, हिरवा सगळे रंग आहेत, पण रक्त ते गिळून टाकतं आणि तांबडा तेवढा पार होतो. या सगळ्या उपचाराची मर्यादा त्या बोटात दिसते. निळा प्रकाश कातडीत मिलिमीटरभरही नीट जात नाही. हिरवा थोडासा जास्त. तांबडा आणि त्याच्या पलीकडचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर. त्याहून पलीकडच्या रंगांकडे जावं तर प्रकाशातली ऊर्जाच कमी पडते आणि ऑक्सिजन जागा होत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांची सारी धडपड असते ती गडद तांबड्या प्रकाशाला ओ देणारे रेणू बनवायची.

तसा एक रेणू निसर्गात तयारच होता. गढूळ पाण्याच्या तळाशी, जिथे तांबड्या पलीकडचाच उजेड पोचतो, तिथे राहणाऱ्या काही जिवाणूंकडे वेगळ्या प्रकारचं हरितद्रव्य असतं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत वनस्पतिशास्त्राच्या विभागातले आविग्दोर शेर्झ आणि त्यांचे सहकारी योराम सॅलोमन यांनी त्यावर काम केलं. झाडाच्या हरितद्रव्यात असतं तसंच याच्याही मधोमध मॅग्नेशियम असतं. त्यांनी ते काढून पॅलॅडियम बसवलं. रेणू टिकाऊ झाला आणि जड धातूचा फायदाही मिळाला. रेणू पाण्यात विरघळावा म्हणून आणखी थोडा फेरफार झाला आणि पॅडेलिपॉरफिन तयार झालं. युरोपात ते टूकॅड या नावाने ओळखलं जातं.

याचा वापर पुरुषांमधल्या प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या, अगदी सौम्य कर्करोगासाठी आहे. रुग्णाला भूल देतात. सोनोग्राफीत बघत बघत प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंच्या सुया ग्रंथीत नेमक्या ठिकाणी बसवतात. मग दहा मिनिटांत औषध शिरेतून देतात आणि लगेच ७५३ नॅनोमीटरचा लेझर सुमारे बावीस मिनिटं चालू ठेवतात. औषध तेव्हा रक्तवाहिन्यांमध्येच असतं. उजेडात ते त्या वाहिन्याच बंद पाडतं आणि गाठीची रसद तुटते. काही तासांत औषध शरीराबाहेर पडतं, त्यामुळे मायर-बेट्झ यांच्यासारखं आठवडेच्या आठवडे उन्हाला घाबरून राहावं लागत नाही. फोटोफ्रिन हे धातू नसलेलं जुनं औषध घेणाऱ्याला निदान महिनाभर तरी ऊन टाळावं लागतं.

युरोपात ४१३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी तपासणीचे तुकडे काढले तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांत कर्करोग सापडला नाही. नुसतं लक्ष ठेवून थांबलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. २०१७ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. अमेरिकेत मात्र २०२० साली तज्ज्ञांच्या समितीने बहुमताने विरोधी कौल दिला. इतक्या सौम्य कर्करोगात बऱ्याच जणांना काहीच न करता नियमित तपासण्यांवर राहता येतं, मग उपचाराचा त्रास कशासाठी, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. मला तो मुद्दा रास्त वाटतो. औषध काम करतं की नाही आणि ते द्यायला हवं की नाही, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत.

आता झेंडूकडे येऊ. टोमॅटोच्या रानात झेंडूच्या ओळी लावायची पद्धत आपल्याकडे आहे. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूची मुळं मानवत नाहीत. त्या मुळांतला एक पदार्थ म्हणजे टरथायनिल. गंधक असलेली तीन पंचकोनी कडी एका ओळीत जोडलेली, एवढीच त्याची घडण. हा पदार्थही प्रकाशात जागा होतो आणि ऑक्सिजनला चेतवतो. कॅनडात नोव्हा स्कोशियामधल्या अकेडिया विद्यापीठात असताना शेरी मॅकफार्लंड यांनी रुथेनियमभोवती जे हात रचले त्यातल्या एका हाताला त्यांनी याच घडणीची तीन कडी जोडली. औषध झेंडूपासून काढलेलं नाही, प्रयोगशाळेत घडवलेलं आहे. पण नकाशा तोच. रुथेनियम आणि ही तीन कडी एकत्र आली की इलेक्ट्रॉन माळ्यावर खूपच जास्त वेळ अडकून राहतो. त्यामुळे थोड्या उजेडातही भरपूर काम होतं.

या औषधाचं नाव टीएलडी-१४३३. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेलं प्रकाशाने जागं होणारं हे पहिलं रुथेनियमचं औषध. पहिली चाचणी टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालयात झाली, रुग्ण होते सहा. सगळे मूत्राशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाचे. या आजारावर नेहमीचा उपचार म्हणजे बीसीजी, आपण बाळांना क्षयाविरुद्ध टोचतो तीच लस. इथे ती थेट मूत्राशयात सोडतात. ती लागू पडली नाही तर मूत्राशयच काढून टाकायची वेळ येऊ शकते. पुढे लघवीसाठी पोटाला बाहेरून पिशवी लावायची आणि ती जन्मभर सांभाळायची. अशाच माणसांसाठी हा प्रयत्न आहे.

उपचार कसा करतात ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. औषध शिरेतून देत नाहीत. नळीने ते मूत्राशयात सोडतात आणि तासभर ठेवतात. गाठीच्या पेशी ते चांगल्या पेशींपेक्षा जास्त शोषून घेतात. मग मूत्राशय पुन्हा पुन्हा धुऊन घेतात, म्हणजे उरलंसुरलं औषध निघून जावं. त्यानंतर आत निर्जंतुक पाणी भरतात. रिकाम्या पिशवीला सुरकुत्या असतात, आणि सुरकुतीच्या खाचेत एखादी गाठ दडली तर तिथे सावली पडणार. पाण्याने भिंत ताणली की सुरकुत्या उलगडतात. मग मधोमध प्रकाशतंतू धरून लेझर लावतात, रंग हिरवा. हिरवा प्रकाश खोल जात नाही हे आपण बोटावर पाहिलं. इथे तेच हवं आहे. कर्करोग अस्तरात आहे, त्याखाली मूत्राशयाचा स्नायू आहे, आणि तो स्नायू भाजून कडक झाला तर मूत्राशय फुगणार-आकसणार कसं? उजेड अस्तरावर काम करून तिथेच विझतो. इतर ठिकाणी जी अडचण, ती इथे उपयोगाची ठरली. पहिल्या सहा रुग्णांवर हे सुरक्षित दिसल्यावर पुढची, मोठी चाचणी २०१९ साली सुरू झाली.

एवढं सगळं जमून आलं तरी एक दुखरी जागा राहतेच, ती म्हणजे ऑक्सिजन. गाठ इतक्या घाईने वाढते की तिच्या पोटातल्या पेशींपर्यंत रक्तवाहिन्या नीट पोचतच नाहीत. तिथे प्राणवायूचा दुष्काळ असतो. आणि आपलं औषध तर ऑक्सिजनवरच चालणारं. उपचार चालू असतानाही असलेला ऑक्सिजन भराभर संपतो. मग ऑक्सिजनशिवाय प्रकाशाचं हत्यार चालवता येईल का?

येतं. त्याचं उदाहरण आपल्या जुन्या औषधात आहे. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीच्या बियांचं तेल लावून उन्हात बसवायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. बावचीतला सोरॅलेन हा चपटा रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसतो आणि उन्हातला अतिनील प्रकाश पडला की तिथेच पक्का चिकटतो. यात ऑक्सिजनची गरजच नाही. आधुनिक वैद्यकाने हीच जोडी १९७० च्या दशकात पद्धतशीर हाती घेतली. त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगावरही ती वापरली जाते. मात्र घरच्या घरी बावचीचे प्रयोग करू नका. अंदाज चुकला तर कातडीवर मोठाले फोड येतात, ते मी पाहिले आहेत.

धातूंच्या बाबतीत याच वाटेने गेले ते इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाचे पीटर सॅडलर. सिस्प्लॅटिनमधल्या प्लॅटिनमला चार हात असतात आणि ते सहज सुटतात. त्यांनी प्लॅटिनमचा सहा हातांचा प्रकार घेतला. तो अतिशय शांत, आपला हात सहसा सोडत नाही. त्यातल्या दोन हातांत त्यांनी तीन-तीन नायट्रोजनचे अझाइड गट दिले. मोटारीच्या जुन्या एअरबॅगमध्ये फुगवण्यासाठी जी भुकटी असायची तिच्यातही हाच गट असे. अंधारात हे संयुग रक्तात शांत फिरतं. उजेड पडला की अझाइड सुटतात, प्लॅटिनम सहा हातांवरून चारवर येतो आणि मग मोकळ्या झालेल्या हातांनी डीएनए पकडतो. म्हणजे काम सिस्प्लॅटिनसारखंच, पण मिठाच्या प्रमाणावर न चालता उजेडावर चालणारं. आत्याच्या कानाला तो उजेड कधी दिसलाच नसता. हे संयुग अजून प्रयोगशाळेतच आहे, रुग्णांपर्यंत पोचलेलं नाही.

गंमत अशी की प्लॅटिनमच्या पहिल्या शोधातही उजेडाचा हात होता. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंच्या वाढीवर काय परिणाम होतो ते पाहत होते. वीज चालू केली की जिवाणू दुभंगायचे थांबत आणि नुसते लांब लांब होत जात, नेहमीच्या तीनशे पटींपर्यंत. पुढे कळलं की हा विजेचा परिणाम नव्हताच. वीज सोडण्यासाठी बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्या थोड्या थोड्या विरघळत होत्या. प्लॅटिनम कशातच भाग घेत नाही अशी सगळ्यांची समजूत होती, म्हणून तर त्यांनी तो धातू निवडलेला. १९६५ साली त्यांनी हे छापलं. पण नुसतं प्लॅटिनमचं मीठ विरघळवून तोच परिणाम मिळवायला गेले तर मिळेना. ताजं द्रावण जिवाणूंना सरळ मारून टाकायचं. तेच द्रावण उजेडात काही काळ ठेवलं की जिवाणू लांब व्हायला लागत. उजेडामुळे प्लॅटिनमच्या हातातले काही क्लोरीन सुटून तिथे अमोनिया येत होता. त्या धाग्यावरून शोध घेत घेत ते सिस्प्लॅटिनपर्यंत पोचले, आणि १९७८ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

आपल्या देशात या विषयावर सर्वांत सातत्याने काम झालं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अखिल चक्रवर्ती यांच्या गटात. लोह, तांबं, व्हॅनेडियम, प्लॅटिनम असे अनेक धातू त्यांनी पारखले. त्यातलं मला सर्वांत आवडणारं काम हळदीचं आहे. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात पेशी मारू शकतं, पण ते फार नाजूक. शरीरासारख्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचे बरेचसे तुकडे होतात. या गटाने कर्क्युमिन धातूच्या हातात दिलं. व्हॅनेडियमने ते टिकवून धरलं. प्लॅटिनमच्या संयुगात तर उजेड पडल्यावर कर्क्युमिन सुटतं आणि मागे सिस्प्लॅटिनसारखा मोकळ्या हातांचा प्लॅटिनम उरतो. एका गोळीत दोन औषधं म्हणा. हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेलं आहे. हळदीचं दूध पिऊन उन्हात बसल्याने यातलं काहीही होत नाही. प्यायलेल्या कर्क्युमिनचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो.

त्याच संस्थेत शिकलेले साम्य बॅनर्जी पुढे सॅडलर यांच्याकडे गेले. तिथे २०१९ साली इरिडियमचं एक संयुग पुढे आलं. ते उजेडात पेशीच्या ऊर्जेच्या व्यवहारातला एनएडीएच हा महत्त्वाचा रेणूच संपवत सुटतं. पेशीच्या चुलीतलं सरपणच काढून घेतल्यासारखं. त्यामुळे ऑक्सिजन कमी असला तरी ते मारक ठरतं. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फारच दुर्मिळ. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाच्या थरांनी रचला गेला, ते उद्रेक होत होते त्याच काळात, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह पृथ्वीवर आदळला. त्याच्या धुळीतला इरिडियमचा पातळ थर जगभरच्या खडकांत सापडतो. डायनासोर गेले त्या घटनेची खूण असलेला हा धातू आज गाठीच्या पोटातल्या पेशींवर आजमावला जातोय, याचं मला अजून नवल वाटतं.

कोणाच्या घरात कर्करोग असेल आणि कोणी "लाइट थेरपीने मुळापासून बरा" असं सांगत असेल, तर त्याला तीन गोष्टी विचारा. औषध कोणतं? उजेड कोणत्या रंगाचा? आणि तो उजेड गाठीपर्यंत पोचवणार कसा? अंगभर पसरलेल्या कर्करोगावर ही पद्धत चालत नाही, कारण अंगभर आतून उजेड पाडता येत नाही. नेमक्या जागी असलेला, फार खोल नसलेला, तंतू किंवा दुर्बीण जिथे पोचेल असा कर्करोग, हेच तिचं क्षेत्र. आणि चालू असलेली किमो किंवा रेडिएशन अशा बोलण्यावर विसंबून सोडू नका, हे कळकळीने सांगते.

नेमकी जागा, खोल नाही, उजेड सहज पोचेल, हे सगळं ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर येतं ते तोंड. गुटखा, तंबाखू, मिश्री यांनी आपल्याकडे किती तोंडं खाल्ली ते कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीत बसलं की कळतं. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर असाच उपचार करून पाहिला गेला आहे. महागडा लेझर नाही, बॅटरीवर चालणारा एलईडीचा तांबडा दिवा आणि तोंडात धरायची छोटी नळी. औषधात धातू नव्हता. पेशी स्वतःच आपल्या रक्ताचं ते रिकामं कडं, लोह बसण्याआधीचं, तयार करतील असा कच्चा माल फक्त रुग्णाला प्यायला देतात. दिवा अलीगढला आहे, धातू बंगळुरूच्या बाटल्यांत आहेत. ती दोन्ही टोकं एका रुग्णाच्या खुर्चीशी यायला अजून उंदरांवरच्या आणि मग माणसांवरच्या चाचण्यांची कित्येक वर्षं जायची आहेत.